सगळ्या फायलींना एकच मॅक्रो

शिरूरच्या माती तपासणी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. पहिली वीस वर्षं माझे हात मातीत होते, नंतरची अकरा कीबोर्डवर. आणि नोकरीतला सगळ्यात मोठा घोळ मी घातला, तो हात स्वच्छ असताना.

माती तपासणं म्हणजे नेमकं काय, हे आमच्या घरातही शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. माझ्या सासूबाईंची समजूत होती की मी माती चाखून बघते. तसं नसतं. शेतकरी आपल्या रानातली अर्धा किलो माती पिशवीत घालून आणतो. आम्ही ती सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो आणि मग तिच्या वेगवेगळ्या परीक्षा घेतो. तिचा सामू किती, म्हणजे आम्लधर्मी का अल्कधर्मी, क्षार किती, सेंद्रिय कर्ब किती, म्हणजे शेणखत-पालापाचोळ्याचा जीव तिच्यात किती उरलाय, आणि चुनखडी किती. हे आकडे एका कागदावर येतात आणि आकड्याखाली सल्ला येतो. शेतकरी आकडे वाचत नाही, सल्ला वाचतो. हे वाक्य लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं समजेल.

माती आणणाऱ्यांचे नमुने तर मातीपेक्षा बघण्यासारखे. एकाने खताच्या रिकाम्या गोणीत माती आणली आणि गोणीतल्या खतामुळे स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आभाळाला टेकलं म्हणून गावात पेढे वाटले. एकाला शेत लांब पडत होतं, म्हणून त्याने घरामागच्या परड्यातली आणली. तळेगाव ढमढेऱ्याचे एक आबा दोन पिशव्या घेऊन आले. एक त्यांची. दुसरीवर नाव लिहायला तयार होईनात. बऱ्याच वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, ती शेजाऱ्याची हाय. त्याचा कांदा एवढा कसा येतो ते बगायचं व्हतं." मी दोन्ही तपासल्या. दोन्ही सारख्याच निघाल्या. आबा फार नाराज झाले. "मंजी फरक त्याच्यात आन् माज्यातच हाय का?" म्हणाले.

कम्प्युटर आला तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. आमचे प्रमुख इनामदार साहेब रसायनशास्त्रातले हुशार, पण माउसला ते हात असा लावायचे की जणू तो चावेल. त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं. एक्सेलमध्ये प्रत्येक गावाची वेगळी फाईल. फाईलमध्ये एका ओळीत एक शेतकरी, आणि पुढच्या रकान्यांत त्याचे आकडे. मी प्रत्येक आकडा बघून शेजारी "कमी", "मध्यम", "जास्त" असं टाइप करायचे, मग सल्ला, मग अहवालाच्या छापील नमुन्यात सगळं उतरवायचे. एका शेतकऱ्याला दहा मिनिटं. हंगामाच्या तोंडावर दिवसाला चाळीस शेतकरी. उरलेला हिशोब तुम्हीच करा.

मग मला मॅक्रो सापडलं. पाबळला कम्प्युटर शिकवणारे एक ओळखीचे मास्तर माती घेऊन आले होते. माझी टाइपिंगची लगबग बघून त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "बाई, हे एकदा करून दाखवा आणि त्याला लक्षात ठेवायला सांगा." मॅक्रो म्हणजे एवढंच. तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबायचं, एकदा सगळ्या पायऱ्या करून दाखवायच्या, आणि थांबवायचं. पुढच्या वेळी दोन-तीन बटणं एकदम दाबली की ते सगळं स्वतः करतं, न कंटाळता आणि न विचारता. त्या "न विचारता"चं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं.

मास्तरांनी रेकॉर्ड केलेलं जरा नीट करून दिलं, "इतक्यापेक्षा कमी असेल तर हे लिही, जास्त असेल तर ते" अशा अटी कशा घालायच्या ते शिकवलं, आणि निघून गेले. दोन महिने डोकं फोडून मी बाकीचं बसवलं. ज्या दिवशी चाळीस अहवाल चहा निवायच्या आत तयार झाले, त्या दिवशी इनामदार साहेबांनी ते चाळीसही हाताने पुन्हा करून तपासले. चूक सापडली नाही.

अडचण एकच होती. मॅक्रो मी पाबळच्या फाईलमध्ये रेकॉर्ड केलं होतं, त्यामुळे ते तिथेच राहात होतं. दुसऱ्या गावाची फाईल उघडली की मॅक्रो नाही. मग मी त्याच्या प्रती काढून तीस गावांच्या फायलींत घातल्या. आणि मग साहेबांनी सल्ल्यात एक शब्द वाढवायला सांगितला. "शेणखत टाकावे" ऐवजी "कुजलेले शेणखत टाकावे." एका शब्दासाठी तीस फायली. एकोणतीस बदलल्या, तिसावी कुठली राहिली ते वर्षभर सापडलं नाही.

मग मी युक्ती काढली. पाबळची फाईल उघडी ठेवली तर तिच्यातलं मॅक्रो दुसऱ्या फाईलवरही चालतं. म्हणून रोज सकाळी आल्याआल्या पाबळ उघडायचं. काम कुठल्याही गावाचं असो, पाबळ आधी. साहेबांनी हे आठ दिवस बघितलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"साळवे बाई, पाबळच्या लोकांचं तुमच्याकडे काही वेगळं चाललंय का?"

मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं असं दाखवलं त्यांनी. पण पाबळच्या अहवालांवर पुढे महिनाभर ते सही करताना चष्मा पुसून घ्यायचे.

खरा मार्ग माझ्या डोळ्यांसमोर होता. रेकॉर्डचं बटण दाबलं की एक छोटी चौकट येते आणि ती विचारते, हे कुठे ठेवू? याच फाईलमध्ये, नव्या फाईलमध्ये, की "पर्सनल मॅक्रो वर्कबुक"मध्ये? ही तिसरी एक लपलेली फाईल असते. एक्सेल उघडलं की ती मागच्या मागे आपोआप उघडते, दिसत नाही, पण तिच्यातलं मॅक्रो तुमच्या प्रत्येक फाईलला मिळतं. सव्वा वर्ष मी ती चौकट न वाचता "ओके" म्हणत होते. ज्या दिवशी वाचली, त्या दिवशी मॅक्रो तिथे ठेवलं. संध्याकाळी एक्सेल बंद करताना त्याने विचारलं, पर्सनल मॅक्रो वर्कबुकमधले बदल ठेवायचे का? मी "नाही" म्हटलं. निमसरकारी जागेत माझं पर्सनल काही कशाला? दुसऱ्या दिवशी मॅक्रो गायब. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा "हो" म्हटलं, आणि तीस गावं एका मॅक्रोवर आली.

आता एक शब्द बदलायचा तर एका ठिकाणी बदलायचा. मी एवढी खूश होते की नवऱ्यालाही समजावून सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता लवकर घरी येणार का?"

आता दौंड. मी माहेरची दौंडची, वडील रेल्वेत होते, त्यामुळे दौंडच्या माणसाने शिरूरच्या माणसाला आणि शिरूरच्याने दौंडच्याला थोडं कमी लेखायचं असतं हे मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. दौंडला आमचं छोटं केंद्र होतं आणि तिथे पोपट जगताप हा एकटा माणूस सगळं बघायचा. माझ्याच वयाचा, देहाने प्रशस्त, स्वभावाने सावकाश. माती तोच तपासायचा, आकडे तोच भरायचा, अहवाल तोच हाताने करायचा. माझ्या मॅक्रोची बातमी त्याच्या कानावर गेली आणि फोन आला.

"बाई, माहेरच्या मानसाला कायतरी करा की. राहूचे एकसष्ट नमुने हायेत. माजी बोटं ऱ्हायली न्हाईत."

"फाईल पाठव," मी म्हटलं. "चहा पिऊन ये, तोवर होईल."

फाईल आली. उघडली. बटणं दाबली. एकसष्ट अहवाल झाले. साहेबांनी एकसष्ट सह्या केल्या. साहेब सही करताना शेतकऱ्याचं नाव काळजीपूर्वक वाचायचे, ते शुद्धलेखनाचे भोक्ते होते. अहवाल दौंडला गेले, जगतापने राहूत आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर वाटले.

दहाव्या-बाराव्या दिवशी राहूचे बबनआप्पा प्रयोगशाळेत आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, तळेगाव ढमढेऱ्यावरून गाड्या बदलत आलेले. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले दोन अहवाल काढले आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"म्याडम, ह्यो मागच्या सालचा. सेंद्रिय कर्ब शून्य पॉइंट छत्तीस. म्होरं काय लिवलंय?"

"कमी," मी वाचलं.

"ह्यो औंदाचा. शून्य पॉइंट छत्तीस. म्होरं?"

मी आकडा पुन्हा एकदा बघितला आणि वाचलं. "अत्यंत जास्त. शेणखताची आवश्यकता नाही."

"मंग बदललं काय?" आप्पा म्हणाले. "माती, का तुमचं डोस्कं?"

त्यांना खुर्ची देऊन मी दौंडची फाईल उघडली. आमच्या शिरूरच्या फायलींत आधी सेंद्रिय कर्बाचा रकाना आणि मग चुनखडीचा. जगतापच्या फाईलमध्ये आधी चुनखडी आणि मग कर्ब. का, तर तो सकाळी आल्यावर चुनखडी आधी तपासायचा. त्याचं तो बरोबर करत होता. माझं मॅक्रो मात्र रकान्याचं नाव वाचत नव्हतं, फक्त जागा मोजत होतं. मी त्याला तसंच शिकवलं होतं. त्याने चुनखडीचा आकडा कर्ब समजून घेतला. आमच्या इकडच्या काळ्या रानात चुनखडी नऊ-दहा असतेच. कर्ब जर नऊ असेल तर ती जमीन नसून नुसता उकिरडाच म्हणायचा. आणि कर्बाचा आकडा चुनखडी समजला, म्हणून "चुनखडी नगण्य" झालं. अहवालाचा छापील नमुना आकडे रकान्याच्या नावावरून उचलायचा, म्हणून आकडे खरे; शब्द मॅक्रोचे, म्हणून खोटे. एकसष्टच्या एकसष्टांना सांगितलं होतं, शेणखत नको. आणि ज्यांची जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट-चिकट, झाली होती अशा अकरा जणांना गंधकाऐवजी जिप्सम टाका म्हणून सांगितलं होतं.

मॅक्रो जोवर पाबळच्या फाईलमध्ये बसलेलं होतं, तोवर पाबळ मुद्दाम उघडल्याशिवाय ते दुसऱ्या कुठल्याही फाईलवर चालत नव्हतं. सगळ्या फायलींसाठी मी ते मोकळं केलं आणि मग समोर जी फाईल आली तिच्यावर ते चाललं. शिवाय मॅक्रोने केलेलं मागे घेता येत नाही. तेवढी एक गोष्ट मास्तर सांगायची विसरले होते, किंवा सांगितली असेल आणि मी ऐकली नसेल.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद घेतले, बराच वेळ बघितले. मला वाटलं, आता बरसणार.

"यांचं नाव मात्र बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. मग चष्मा काढून ठेवला. "मी सही केलीय, बाई. आकडे वाचले असते तर मला दिसलं असतं. दुरुस्तीचं पत्र काढू या सगळ्यांना."

बाहेर बसलेल्या आप्पांनी ते ऐकलं. "पत्र?" ते दारातून म्हणाले. "साहेब, पत्र वाचतंय कोन? तुमी कागद दिला तवा ते बाबा दारात आलं व्हतं," म्हणजे जगताप, "मंग आता बी दारातच या. खोटं दारात आन् खरं पोष्टात, आसं नसतंय."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकसष्ट अहवाल मी हाताने केले. मॅक्रोला हात लावला नाही. साहेबांनी एकेक वाचून सही केली, नाव, आकडा, शब्द, सगळं. दोन पूर्ण दिवस गेले. मध्ये एकदा म्हणाले, "हे असंच करायला हवं होतं नेहमी."

मग तीन दिवस मी जगतापच्या मोटरसायकलवर मागे बसून राहू आणि वस्त्या फिरले. पन्नाशी उलटलेली बाई, मांडीवर अहवालांची पिशवी, पुढे जगतापची ती पाठ, जिच्यापलीकडचा रस्ता मला तीन दिवसांत एकदाही दिसला नाही. उसाच्या गाड्यांमागून आम्ही इतके सावकाश चाललो होतो की एका वस्तीवरची कुत्री भुंकून कंटाळली आणि परत जाऊन बसली.

प्रत्येक दारात मी तेच सांगायचे: जुना कागद द्या, हा नवा घ्या, चूक माझी आहे. पहिल्या दारी शेवटचे शब्द मी घाईघाईने उरकले. विसाव्या दारी सवय झाली, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. बहुतेकांनी कागद अजून वाचलाच नव्हता. काहींनी वाचला होता आणि विश्वास ठेवला नव्हता. एक जण म्हणाला, "बाई, शेनखत नको म्हनल्यावर आमी वळखलं की सरकारचं कायतरी बिनसलंय." आम्ही सरकार नव्हतो, पण मी वाद घातला नाही. त्या तीन दिवसांत आमच्या सल्ल्याला लोक किती कमी मानतात ते कळलं. त्याचं एवढं समाधान मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पण दोघांनी मानला होता.

पहिल्या सिंधूताई. चाळिशीच्या, नवरा एका कारखान्यात कामाला, रान त्या एकट्या बघणाऱ्या. गोठ्यामागे दोन वर्षांचं शेणखत साठवलं होतं, टोमॅटोसाठी. आमचा कागद आल्यावर ते सगळं त्यांनी थोरल्या जावेला, कमलबाईंना देऊन टाकलं होतं. रोपं आठ दिवसांत लावायची होती.

"मागून घ्या की मग परत," जगताप म्हणाला.

सिंधूताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी बाईमानूस हाय, म्हनून सांगते. बांधावरनं पाच साल बोलनं न्हवतं आमचं. ह्या खताच्या निमतानं मी तिच्या दारात गेले. म्हनलं, मला नगं हाय, तुमी घ्या. तवा ती बोलली. चहा केला तिनं. आन् आता मी म्हनू, द्या माजं परत?" त्या थांबल्या. "टोमॅटो जाऊ द्या. मी न्हाई मागायची."

मी उठले. जगतापला म्हटलं, बस इथेच. पलीकडच्या घरात गेले. कमलबाई धान्य निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. रकाने, चुनखडी, जगताप, सगळं. त्यांना काही समजलं असं वाटेना.

"मंजी तिला खत लागनार व्हतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन् तुमच्या चुकीनं तिनं मला दिलं."

"हो."

"आन् मला वाटलं, मानसात आली." त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, झालं. पाच वर्षं तुटलेलं माझ्या एका मॅक्रोने जुळवलं आणि आता मीच ते मोडायला आले. पण कमलबाई म्हणाल्या, "निम्मं तर रानात पसारलं. निम्मं हाय. तिनं तुमाला धाडलंय का?"

"नाही. त्या मागणार नाही म्हणाल्या. टोमॅटो गेले तरी."

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. मला पाणीही दिलं नाही. मी तशीच परत आले आणि सिंधूताईंना काही न सांगता गाडीवर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी जगतापचा फोन आला. "बाई, सिंधूताईच्या दारात ट्रॉली हुबी ऱ्हायली हाय. निम्मं खत. आन् वर कमलबाई सोता बसून आल्यात, पसारून द्याया." पुढे दोन वर्षं दोघींचं उत्तम चाललं. मग पुन्हा बिनसलं, पण ते पाइपलाइनवरून. त्याची जबाबदारी मी घेत नाही.

दुसरे शंकरमामा. माझ्या आईचे चुलतभाऊ, राहूच्या बौद्ध वस्तीतले, एक एकर रान. ते कधी माती तपासून घ्यायचे नाहीत; मीच आग्रह केला होता, मामा, माझ्या हातचा कागद देते. त्या अकरा चोपण जमिनींत त्यांची एक होती. बाकी दहा जणांनी जिप्समचं मनावर घेतलं नव्हतं. मामांनी कागद आल्याच्या चौथ्या दिवशी ते आणून, पसरून, पाणीही दिलं होतं. चुनखडीच्या जमिनीत गंधक जे काम करतं ते जिप्सम करत नाही. विष नाही, पण उपयोगही फारसा नाही. आणि आता त्यावर गंधक टाकून गुण यायला तो हंगाम पुरणार नव्हता.

मी अंगणात उभं राहून सांगितलं. मामांनी नवा कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला.

"मंजी औंदा सुधरायची न्हाई जमीन."

"नाही मामा. पुढच्या हंगामाला गंधक टाकून बघावं लागेल."

"बरं," ते म्हणाले. "तू आलीस ना सांगाया. बस. मामी चहा टाकतीय."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी चहा प्यायले, जय भीम म्हणून निघाले. पुढच्या वर्षी मी त्यांना निरोप पाठवला, माती पाठवा, मी स्वतः बघते. माती आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही. मामा भेटले की हसून बोलायचे, पोरांची चौकशी करायचे. मातीचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही, आणि माझीही काढायची हिंमत झाली नाही.

शिरूरला परत आल्यावर मी मॅक्रो पहिल्यापासून लिहिलं. आता ते जागा मोजत नव्हतं, रकान्याचं नाव शोधत होतं. शिवाय सुरू होण्याआधी एक चौकट यायची: समोर अमुक नावाची फाईल उघडी आहे. हीच हवी आहे का? साहेबांनी चौकटीत "कृपया" घालायला सांगितलं. तेही घातलं. पुढची सहा-सात वर्षं, दिवसातून वीसदा, त्या चौकटीने मला कृपया विचारलं आणि मी दर वेळी नाव वाचून "हो" म्हटलं. चूक झाली नाही.

मग मी निवृत्त झाले. हार, शाल, साहेबांचं भाषण. साहेब माझ्या आधीच निवृत्त झाले होते, पण भाषणासाठी आले. तीन महिन्यांनी माझ्या जागी आलेल्या मनीषाचा फोन आला. पस्तिशीची, तळेगाव ढमढेऱ्याहून जीपने येणारी, कामाची.

"बाई, ऑफिसला नवीन कम्प्युटर आलाय. फायली सगळ्या आणल्या, पण तुमचं मॅक्रो कुठल्याच फाईलमध्ये नाहीये. मी आठवडाभर हाताने करतीय."

ती लपलेली फाईल एका माणसाच्या एका कम्प्युटरवर असते. ती कुठे असते, कशी दिसते, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. विसरले म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर, "साळवे बाईंचं मॅक्रो" हे शब्द मला ऐकायला आवडायचे. सगळ्या फायलींना ते मिळावं म्हणून मी एवढी खटपट केली, आणि एकाही माणसाला ते मिळेल याची व्यवस्था केली नाही.

दुसऱ्या दिवशी गेले. जुना कम्प्युटर स्टोअरमध्ये मातीच्या पिशव्यांमागे पडला होता. पुसला, जोडला. लपलेली फाईल कशी उघड करायची ते मनीषाला दाखवलं. तिने प्रत करून घेतली आणि विचारलं, "बाई, हे ॲड-इन करून, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरला जोडता येईल अशी वेगळी फाईल करून, दौंडच्या कम्प्युटरवर पण टाकू का? म्हणजे मला काही झालं तरी चालेल." तिला काही होण्याचा विचार तिने तीन महिन्यांत केला होता. मला एकतीस वर्षांत सुचला नाही.

महिन्याभराने शिरूरच्या बाजाराला गेले होते, म्हणून डोकावले. ती एका गावाचे अहवाल काढत होती. बटणं दाबली आणि कागद यायला लागले. मी बघत राहिले.

"चौकट आली नाही," मी म्हटलं.

"काढली मी ती," मनीषा म्हणाली.

मला राग आला. खरंच आला. त्या चौकटीमागे काय काय होतं ते हिला काय माहीत? मी विचारलं, "का काढली?"

"बाई, तिसऱ्या दिवसापासून मी न वाचताच हो म्हणायला लागले होते. माणूस विचारलेल्याला हो म्हणतो. म्हणून आता ते मला विचारतच नाही." तिने कुठल्यातरी फाईलमधल्या एका रकान्याचं नाव मुद्दाम चुकवलं आणि बटणं दाबली. काहीच झालं नाही. खाली एक ओळ आली: 'सेंद्रिय कर्ब' हा रकाना सापडला नाही, काम थांबवले आहे. "नावं आणि आकडे दोन्ही बघतं. कर्ब चारच्या वर दिसला तरी थांबतं. मी हो म्हटलं तरी चालत नाही."

मी खुर्ची ओढून बसले. तिने चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी पडद्यावरची ती ओळ दोनदा वाचली.

"रागावलात का, बाई?"

"रागावले होते," मी म्हटलं. "आता ते कसं केलंस, ते पहिल्यापासून दाखव."